जुन्या वॅगनआरचा हिशोब: किलोमीटरमागे खरंच किती पडतं

८ जून २०२५, मीटर ६१,२४०

आजपासून ही वही सुरू. गाडी मारुती वॅगनआर, पेट्रोल, एलएक्सआय, २०१४ चं पासिंग, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, टाकी ३५ लिटरची. एकाच मालकाने वापरलेली, ऑफिसमधल्या सरांकडून दोन लाख दहा हजाराला घेतली. राहतो धायरीत, गाव कराडजवळ, म्हणजे गाडीचं काम दोनच ठिकाणी, पुण्यात इकडेतिकडे आणि महिन्यातून एखादवेळेस हायवेने गावी.

वही लिहायचं कारण माझा मेहुणा. तो कराडला असतो आणि गाडी घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे, मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "दाजी, सगळे फक्त ॲव्हरेज सांगतात, गाडी वर्षाला एकूण किती खाते ते कुणीच सांगत नाही, तुम्ही तेवढं नीट लिहून ठेवा." त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. कुणालाही विचारा, अठरा देते वीस देते एवढंच ऐकायला मिळतं, आणि टायर, इन्शुरन्स, बॅटरी हे सगळं जणू दुसऱ्याच कुणाच्या खिशातून जातं. म्हणून नियम असा ठरवला की गाडीसाठी गेलेला प्रत्येक रुपया वहीत, सोबत तारीख आणि मीटर. धुलाई, पार्किंग, हवा भरणाऱ्याला दिलेले दहा रुपयेसुद्धा. वही डॅशबोर्डच्या खणात, पेन वहीला बांधलेलं.

१५ जून, मीटर ६१,३९०

कागदपत्रांचा आठवडा. जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी हे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इंजिन दुरुस्त होतं, अडकलेला कागद वर्षानुवर्षं त्रास देतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघितलं, सरांचं लोन कधीच फिटलं होतं आणि आरसीवरून उतरवलेलं पण होतं (लोन फिटणं वेगळं आणि आरसीवरून उतरवणं वेगळं, त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते). मग ई-चलन किती पेंडिंग आहेत ते ऑनलाइन पाहिलं, दोन निघाली, सरांनी त्याच दिवशी भरली. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी, परिवहनच्या साइटवर अर्ज. सरकारी फी काही शेकड्यांत असते, एजंट हजारांत मागतो. वेळ असेल तर स्वतः करण्यासारखं काम आहे.

विकणाऱ्यालाही सांगतो, गाडी दिली, पैसे मिळाले, विषय संपला असं समजू नका. आरसीवर नाव तुमचं आहे तोपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, उद्या काही ॲक्सिडेंट झाला तर नोटीस तुमच्या दारात येणार.

नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी हाय सिक्युरिटी प्लेट लागते, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९ रुपये. मुदत पुढे पुढे जातेय म्हणून लोक थांबलेत पण प्लेट नसेल तर मालकी बदलणं वगैरे आरटीओची कामं अडतात, म्हणून आधी तीच बसवून घेतली. बुकिंग करताना परिवहन विभागाच्या साइटवरूनच जावं, सर्च करून पहिली जी दिसेल तिथे पैसे भरू नयेत, खोट्या साइटी भरपूर आहेत.

इन्शुरन्सवर जरा जास्त लिहितो कारण इथे खूप गैरसमज आहेत. सरांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ५० टक्के होता, पण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो सरांनी त्यांच्या नव्या गाडीला नेला, मला शून्यापासून सुरुवात. जुनी पॉलिसी चालू असेल तर घेणाऱ्याने १४ दिवसांत ती स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्यायचा, नाहीतर थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) लागू राहते पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. सरांची पॉलिसी संपतच आली होती, म्हणून मी सरळ नवी काढली. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, १००० सीसीच्या आतल्या खासगी कारला वर्षाला २,०९४, त्याच्या वरच्या १५०० सीसीपर्यंत ३,४१६, २०२२ पासून हेच चाललंय. हा दर कुठल्याही कंपनीत तोच. घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, तिथे दोन कंपन्यांच्या कोटेशनमध्ये मोठा फरक पडतो.

अकरा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यावा का? गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, पाणी साचणाऱ्या भागात असेल तर घ्यावा. मी घेतला, जीएसटी आणि मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा धरून ५,६४० रुपये. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (झीज न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर) सहसा मिळत नाही, म्हणजे क्लेम केला तरी प्लास्टिक-रबराच्या पार्टचे निम्मे पैसे आपलेच. तरीही गाडीच चोरीला गेली किंवा पुरात गेली तर पूर्ण रक्कम बुडत नाही, तेवढ्यासाठी हे पैसे द्यायला मला काहीच वाटत नाही.

२९ जून, मीटर ६१,९०५

पहिली सर्व्हिस. घरापासून जवळ एक मिस्त्री आहेत, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढून स्वतःचं गॅरेज टाकलेले. स्पेअर मी आदल्या दिवशी नाना पेठेतून आणले, पुण्यात गाडीच्या पार्टसाठी नाना पेठेसारखं ठिकाण नाही, पण पॅकिंग आणि होलोग्राम बघून, पक्कं बिल घेऊनच.

इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग (तीन सिलिंडर म्हणून तीनच), कूलंट, ब्रेक ऑईल, मजुरी धरून एकूण ५,३८०. यातलं ब्रेक ऑईल लोक सर्रास विसरतात. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, मग त्याचा उकळायचा पॉइंट खाली येतो, आणि खंबाटकी किंवा वरंधासारख्या उतारावर सतत ब्रेक मारत आलं की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांतून एकदा बदलायला काही शे रुपये लागतात, चारचाकीत याच्यापेक्षा स्वस्त सुरक्षितता मला माहीत नाही. कूलंटमध्ये नळाचं पाणी टाकू नका, आतून गंज आणि क्षार दोन्ही जमतात.

मिस्त्रींना विचारलं, टायमिंग बेल्ट कधी बदलायचा. ते म्हणाले, या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, ती वेळच्या वेळी ऑईल बदललं तर सहसा हात लावावा लागत नाही. म्हणून ऑईल दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाडीवाले 'अजून किमी झाले नाहीत' म्हणत दोन-दोन वर्षं तेच ऑईल ठेवतात, आणि खरं तर दोन-तीन किमीच्या छोट्या फेऱ्यांमध्येच ऑईल जास्त खराब होतं, इंजिन धड तापतच नाही.

या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. २०१४ च्या बेसिक मॉडेलला असायचं नाही, ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ च्या जुलैपासून. म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा, आई कुरकुरली तरी. आणि हायवेला ऐंशी-नव्वदच्या वर जायचं नाही.

२० जुलै, मीटर ६२,४८०

पाऊस. वायपरचे रबर बदलले, ४२० रुपये जोडी. काच आतून धुरकट झाली की लोक हाताने पुसत बसतात, त्यापेक्षा एसी चालू करून हवेचा झोत काचेवर घ्या, एसी हवेतला ओलावा काढतो, मिनिटभरात काच साफ. गाडीचा एसी थंडीसाठी कमी आणि पावसाळ्यात यासाठी जास्त लागतो, म्हणून 'पेट्रोल वाचवायला एसी बंद' हा सल्ला पावसात ऐकू नये.

गेल्या वर्षी २५ जुलैला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. आमच्या ओळखीतल्या एकांनी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवली आणि इंजिन गेलं. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा नाकारतात, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं आणि जुन्या गाडीला ते मिळणं अवघड. तेव्हा पाण्यात उभी राहिलेली किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी, किल्ली फिरवायची नाही, बॅटरीची तार काढायची, फोटो काढायचे, इन्शुरन्सला कळवायचं आणि टोचन करून न्यायची. घरात ज्याच्या ज्याच्या हातात किल्ली जाते त्या प्रत्येकाला हे पाठ पाहिजे.

१७ ऑगस्ट, मीटर ६३,३१०

परवा १५ ऑगस्टपासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, ३,००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा ॲपवरून घेतला.

यात 'फेरी' म्हणजे एक टोलनाका एकदा ओलांडणं. आम्हाला पुण्याहून कराडला जाताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तीन नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या. तिन्ही मिळून एका बाजूचे दोनशेच्या वर जातात, म्हणजे वर्षात सात-आठ वेळा गावी जाणाऱ्याचे पैसे वसूल, पुढचं सगळं वाचलं. कोल्हापूरवाल्यांना किणी धरून चार नाके, त्यांना अजून फायदा. पण ज्यांचं जाणं मुख्यतः मुंबईला आहे त्यांनी घाई करू नये, पास फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो, पुणे-मुंबई एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे नेहमीसारखेच पैसे कटतात, समृद्धीलाही तेच. (मुंबईत शिरतानाचे पाच नाके छोट्या गाड्यांना गेल्या ऑक्टोबरपासून माफ आहेत, ते वेगळं.) आणि पास गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, दुसऱ्या गाडीला लावता येत नाही.

२४ ऑगस्ट

मेहुण्याचा फोन, "दाजी, ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, त्याने गाडी खराब होते म्हणतात, खरंय का?" सगळीकडे सध्या तीच चर्चा आहे, म्हणून जेवढं नीट समजलं तेवढं लिहितो.

लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी. पण दहा टक्के मिश्रण २०२२ पासून आपण भरतच होतो, म्हणजे दहावरून वीसवर जाताना नवा फरक पडतो तीन-चार टक्क्यांचा, सोळाची गाडी साडेपंधरावर. ॲव्हरेज निम्मं झालं असं कुणी म्हणत असेल तर दोष दुसरीकडे शोधा, टायरची हवा, ब्रेक धरून राहणं, चोंदलेला एअर फिल्टर. मात्र एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या वीस टक्क्यांसाठी म्हणून बनवलेल्या नाहीत, त्यामुळे पेट्रोलचे पाइप, सील, गास्केट यावर लक्ष ठेवायला हवं, दर सर्व्हिसला मिस्त्रींना पेट्रोलच्या लाइनचे रबर बघायला सांगायचं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिना महिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. किंमत मात्र तीच, लिटरला १०४ च्या आसपास, ऊर्जा कमी मिळत असताना दर तसाच राहणं हे ग्राहकाला न्याय्य नाही असं मला मनापासून वाटतं.

ॲव्हरेज मोजायची माझी पद्धत: त्याच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी परत ऑटो कटपर्यंत फुल, किमी भागिले लिटर. कट झाल्यावर 'राउंड फिगर' करत अजून कोंबायचं नाही. शहरातल्या एका टाकीचं ३९२ किमीला २७.२ लिटर, म्हणजे १४.४. गावी जाऊन-येऊन ३४८ किमीला १८.१ लिटर, १९.२. पंपावर मापाचा संशय आला तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागायचा आपल्याला हक्क आहे, हवा भरणं पण तिथे फुकट असलं पाहिजे, लाजायचं कारण नाही.

वॅगनआर उंच गाडी आहे, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शंभर-एकशेदहाने नेली की एकोणीसची सरळ सोळावर येते. ऐंशीने गेलं तर कराडला वीस-पंचवीस मिनिटं उशीर होतो, बस.

३ सप्टेंबर, मीटर ६३,८९०

गौरी-गणपतीला गावी जाऊन आलो. हायवेच्या सर्व्हिस रोडचे खड्डे आणि गावातला रस्ता, येताना पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज. मिस्त्रींनी गाडी वर घेतली, पहार लावून हलवून दाखवलं, लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले. दोन्ही बाजूंचे आर्म, मजुरी, अलाइनमेंट, सगळं ३,४५०. असलं काम करताना मिस्त्रींना जुना पार्ट समोर काढून दाखवायला सांगायचं, चांगला मिस्त्री स्वतःहून दाखवतो.

आवाजाच्या बाबतीत एक सांगतो. आवाज कधी येतो ते लिहून न्या, खड्ड्यातच, वळताना, ब्रेक मारताना, की गाडी थंड असताना. 'कसलातरी आवाज येतो' असं सांगून गाडी सोडून आलात तर अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण देतो.

२८ सप्टेंबर, मीटर ६४,६००

टायर. मागचे दोन गुळगुळीत होत आले होते, खाचेत तळाशी जी उंचवट्याची खूण असते ती १.६ मिमीची, टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की संपला. पुढच्यांवर नक्षी होती पण बाजूला बारीक चिरा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, आमच्यावर ०८१८, म्हणजे २०१८ च्या आठव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर सात वर्षांत कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही, म्हणून चारही बदलायचे ठरवले.

ऑगस्टमध्येच भाव काढून ठेवले होते पण जीएसटी कमी होणार असं कानावर येत होतं म्हणून थांबलो. २२ सप्टेंबरपासून टायर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. ३,२०० चा टायर २,९५० ला, चारांचे ११,८००, म्हणजे हजार रुपये वाचले. बॅलन्सिंग-अलाइनमेंट ९०० वेगळे. घेताना दुकानदाराला तारखेचे आकडे दाखवायला सांगितले, पहिल्या जोडीवर मागच्या वर्षीची तारीख होती, नको म्हटलं, आतून ताजे आणून दिले. नायट्रोजन नाही भरला. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, दर पंधरा दिवसांनी हवा चेक करणं त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. आणि सकाळी टायर थंड असताना. स्टेपनीची पण.

१९ ऑक्टोबर

पीयूसी, १२५ रुपये, गाडी बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा) असल्याने वर्षभर चालेल. नसली तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे. बाकी दिवाळी, गाडी घरीच.

१६ नोव्हेंबर, मीटर ६६,०२०

थंडी पडायला लागली आणि सकाळी स्टार्टर जड फिरायला लागला. मल्टीमीटर लावला, रात्रभर उभ्या गाडीला १२.१ व्होल्ट, चांगल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास हवेत. इंजिन चालू करून १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत, दोष बॅटरीचाच. हा फरक कळणं महत्त्वाचं, नाहीतर नवी बॅटरी टाकूनही आठवड्यात परत उतरते आणि बॅटरीवाल्याशी भांडण होतं. जुनी बॅटरी देऊन नवी ३,९०० ला. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घालून घेतली, कार्डचा फोटो फोनमध्ये.

बॉनेट उघडलंच होतं तर एअर फिल्टरच्या डब्याशेजारी उंदराच्या लेंड्या आणि कापसाचा बोळा. वायरिंग अजून शाबूत आहे. गाडी दोन दिवसांच्या वर एकाच जागी उभी ठेवायची नाही असं ठरवलंय, आणि गाडीत खायचं काही सांडलं तर त्याच दिवशी साफ. उंदराने वायर कुरतडली की एका तारेसाठी पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) काढावा लागतो, ते बिल फार मोठं येतं.

७ डिसेंबर, मीटर ६६,६४०

सहा महिने झाले, ५,४०० किमी. आज दुपारी बसून सगळं मांडलं. जे वर्षाचे किंवा अनेक वर्षांचे खर्च आहेत त्यांचा फक्त सहा महिन्यांचा किंवा ५,४०० किमीचा वाटा धरला, नाहीतर टायर घेतलेला महिना बघून गाडी विकावीशी वाटेल.

पेट्रोल ३५,१००, सगळं मिळून ॲव्हरेज सोळा. इन्शुरन्सचा वाटा २,८२०, टोल पासचा १,५००, सर्व्हिसचा २,६९०, टायर चाळीस हजार किमी जातील असं धरून १,७००, बॅटरी चार वर्षं धरून ४९०, बुशचं काम ३,४५०, नंबरप्लेट आणि पीयूसी मिळून हजार, धुलाई-पार्किंग-वायपर २,४००.

आणि ज्याची पावती कुठेच मिळत नाही तो खर्च, घसारा, म्हणजे दरवर्षी उतरणारी गाडीची किंमत. २०२९ ला गाडीला पंधरा वर्षं होतील. तेव्हा पुन्हा पासिंगची फी ५,००० आणि वर पर्यावरण कर, फिटनेससाठी जे काम निघेल ते वेगळं. त्यावेळी गाडीचे नव्वद हजार आले तर चार वर्षांत एक लाख वीस हजार गेले, म्हणजे सहा महिन्यांचे १५,०००. पेट्रोलनंतरचा सगळ्यात मोठा आकडा हाच आणि गाडीवाले हाच कधी मोजत नाहीत.

एकूण ६६,१५०. किलोमीटरला १२ रुपये २५ पैसे. त्यातले पेट्रोलचे साडेसहा. म्हणजे पंपावर जेवढे जातात त्याच्या जवळपास दुप्पट खरा खर्च आहे.

याचे परत दोन भाग केले तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी चालली तरच होणारा खर्च, पेट्रोल, सर्व्हिस, टायर, झीज, तो किमीला आठ रुपये. आणि गाडी नुसती दारात उभी राहिली तरी होणारा, तो वर्षाला ४५ हजाराच्या घरात. गाडी घ्यावी का, हे ठरवताना दोन्ही मोजायचे. पण गाडी दारात आहेच, मग आज तिने जावं की बसने, हे ठरवताना फक्त आठ रुपये मोजायचे, कारण बाकीचे तर गेलेलेच आहेत. लोक नेमकं उलट करतात, घेताना फक्त ईएमआय आणि ॲव्हरेज बघतात आणि घेतल्यावर 'एवढी महागाची गाडी आहे तर वापरू' म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जातात.

आमच्यापुरतं बघायचं तर कराडला एका बाजूला १६० किमी, आठ रुपयांनी १,२८०. लालपरीचं साधं तिकीट अडीचशे-तीनशेच्या घरात, त्यात बायकांना निम्मं आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. म्हणजे चौघं गेलो, त्यात आप्पा एसटीत फुकट, आई आणि ही अर्ध्या तिकिटात, तर एसटी गाडीच्या निम्म्यातच होते. तरी आप्पांचे गुडघे आणि सामान बघता चौघं असू तेव्हा गाडीच नेणार, एकटा असेन तेव्हा एसटी. पुण्यात रिक्षाला पहिल्या दीड किमीला २५ आणि पुढे किमीला १७, म्हणजे दोघं-तिघं असलो तर गाडी परवडते. पण मी एकटा ऑफिसला जातो तेव्हा स्वारगेटपर्यंत बस आणि तिथून मेट्रो, ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर डावा पाय आणि क्लच प्लेट दोन्ही झिजवायची गरज उरत नाही.

११ जानेवारी २०२६

संक्रांतीआधी मेहुणा पुण्यात आला होता, वही त्याच्यासमोर ठेवली. त्याचं फिरणं वर्षाला चार हजार किमीच्या आत आहे, शेत आणि दुकान दोन्ही दुचाकीने होतं, गाडी लागते ती लग्नकार्याला, दवाखान्याला आणि देवाला. त्याचाच हिशोब मांडला. आमच्यासारखीच जुनी गाडी घेतली तर उभ्या गाडीचे ४५ हजार भागिले चार हजार, सव्वाअकरा, अधिक चालायचे आठ, म्हणजे किमीला एकोणीसच्या वर. पुण्याच्या रिक्षापेक्षा महाग. नवी घेतली, पाच लाखाचं लोन नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, तर हप्ता १०,३७९, व्याजच सव्वा लाखाच्या घरात आणि नुसता हप्ताच किमीला एकतीस रुपये पडतो, पेट्रोलचा थेंब टाकायच्या आधी.

तो बराच वेळ आकडे बघत बसला, मग म्हणाला, "पण दाजी, रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर?" मी म्हटलं, त्याची किंमत या वहीत येत नाही, ती तूच ठरव, पण ठरवताना वर्षाला एवढे पैसे त्या एका रात्रीसाठी देतोय हे माहीत असू दे. त्याच्या गल्लीत दोन गाडीवाले आहेत जे फोनवर येतात. त्याने ठरवलंय की जूनपर्यंत भाड्याने केलेल्या प्रत्येक गाडीचे पैसे आणि किमी तो पण लिहून ठेवेल आणि वीस हजाराच्या वर गेले तर गाडी बघू, तीही जुनीच, रोख पैशात, लोन न काढता.

आमच्या वहीत पुढचं: मार्चमध्ये मागचे ब्रेक शू उघडून बघायचे, सत्तर हजारला टायर रोटेशन, आणि इन्शुरन्स जूनच्या पहिल्या आठवड्यात रिन्यू. क्लेम नाही झाला तर ओन डॅमेजवर २० टक्के बोनस बसेल. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर तो जातो, म्हणून तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकली.